आधी पक्षी बघून ये

डावा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हाची गोष्ट. वेणी घालता येत नव्हती. ब्लाउजचं मागचं हूक लागत नव्हतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला मुलीला हाक मारावी लागायची. फ्रोझन शोल्डर. डॉक्टर म्हणाले, सुटेल हळूहळू, पण वर्ष जाईल, कदाचित दोन. कराड सोडून सिंगापूरला येऊन मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, रोज पहाटे काही म्हाताऱ्या बायका हात हलवत उभ्या असायच्या. अकरा वर्षं मी त्यांच्या बाजूने बस गाठायला धावत गेले होते. त्यांच्याकडे नीट पाहिलं असं एकदाही झालं नव्हतं.

खांदा आखडल्यावर पाहिलं.

त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंना सगळे आंटी म्हणायचे, मीही म्हणू लागले. वय ऐंशीच्या पुढे, बांधा आपल्याकडच्या एखाद्या सुकलेल्या आजीसारखा. त्यांचे वडील चीनच्या फुजियान प्रांतातल्या योंगछुन नावाच्या डोंगराळ भागातून जहाजाने इकडे आले होते. येताना सामान फारसं नव्हतं, पण अंगात एक विद्या होती. होक्कियन भाषेत आंटी तिला पे-हो म्हणत. पांढरा क्रौंच. दक्षिण चीनमधली ही एक नावाजलेली युद्धकला, आणि योंगछुन हे तिचं माहेर.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासारखा हात पसरायचा प्रयत्न केला. आंटींनी दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवली. "तू खांदा उचलतेस," त्या म्हणाल्या, "हात उचल." मला दोन्हींतला फरक कळेना. त्यांनी मागच्या कालव्याकडे बोट दाखवलं. "आधी पक्षी बघून ये."

मला वाटलं, टाळतायत. नंतर क्रौंचकलेच्या जन्माची गोष्ट ऐकली, तेव्हा कळलं की त्यांनी मला अगदी पहिल्या धड्यावर पाठवलं होतं.

गोष्ट सतराव्या शतकातली, मिंग राजवट संपून छिंग राजवट येण्याच्या सुमाराची. फांग छी-न्यांग नावाची एक मुलगी. वडील युद्धकलेतले जाणकार, त्यांच्याकडून ती थोडंफार शिकलेली. एके दिवशी अंगणात एक मोठा पांढरा क्रौंच उतरला. तिने त्याला हाकलायला काठी उचलली. डोक्यावर मारायला गेली तर त्याने मान वळवून पंखाने काठी बाजूला सारली. पंखावर मारायला गेली तर एक पाऊल सरकून नखं पुढे केली. अंगावर काठी खुपसली तर चोचीने टोचून परतवली. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. कुणी अंगणात धान्य वाळत घालतं, कुणी देवळात माग मांडतं. एक गोष्ट मात्र कुणीच बदलत नाही. मुलगी हरते. पक्षी तिला इजा करत नाही, घाबरून उडूनही जात नाही, आणि तिची काठी त्याला एकदाही लागत नाही. दुसऱ्या दिवशी ती काठी घरात ठेवते आणि त्याची वाट बघत बसते.

या दुसऱ्या दिवसावर माझा फार जीव आहे. पहिल्या दिवशी तिच्यासाठी तो धान्य खाणारा एक पक्षी होता. दुसऱ्या दिवशी तो गुरू झाला, आणि मधल्या रात्रीत पक्ष्यात काही बदललं नव्हतं.

पुढे वाचत गेले तशी या हरण्याची मला सवयच झाली. चीनच्या उत्तरेकडे शांडोंग प्रांतात मॅन्टिसची युद्धकला आहे. मॅन्टिस म्हणजे पुढचे दोन पाय जोडून नमस्कार केल्यासारखा बसणारा तो हिरवा, लांब मानेचा किडा. ती विद्या वांग लांग नावाच्या माणसाची, असं परंपरा सांगते. वांग लांग एकाच प्रतिस्पर्ध्याकडून पुन्हा पुन्हा हरत होता. हरून झाडाखाली बसला असताना त्याला फांदीवर मॅन्टिस आणि सिकाडा, म्हणजे झाडावर किरकिरणारा एक किडा, यांची झटापट दिसली. सिकाडा थोराड, मॅन्टिस काडीसारखा, तरी मॅन्टिसने आकड्यासारखे पुढचे पाय टाकून त्याला धरून ठेवलं. वांग लांगने तो किडा घरी आणला आणि गवताची काडी त्याच्यासमोर धरून दिवसचे दिवस बघत राहिला. इकडून टोचलं तर काय करतो, तिकडून टोचलं तर काय. तर्जनी आणि अंगठा पुढे ठेवून मनगट वाकवायचं आणि समोरच्याचा हात आकड्यात अडकवायचा, ही या कलेची खूण त्या काडीच्या खेळातून आली म्हणतात. पण किड्याच्या पायांची ठेवण माणसाच्या काय कामाची? म्हणून पायांची चाल त्याने माकडाकडून घेतली. गोष्टीतली ही कबुली मला फार प्रामाणिक वाटते. एका प्राण्याकडून सगळं मिळत नाही, हे त्याला मान्य होतं.

शांडोंगमधला हा किडा तसा फार जुना. आज जिथे शांडोंग आहे तिथे प्राचीन काळी छी नावाचं राज्य होतं. तिथला च्वांग नावाचा राजा शिकारीला निघाला असता एक किडा पुढचे पाय उगारून त्याच्या रथाच्या चाकाला आडवा आला. राजाने सारथ्याला विचारलं, हा कोण? सारथी म्हणाला, मॅन्टिस. पुढे जाणं याला माहीत आहे, मागे हटणं माहीत नाही, आणि स्वतःचं बळ न जोखता शत्रूला हलकं समजतो. राजा म्हणाला, हा माणूस असता तर जगातला सर्वांत शूर वीर ठरला असता. आणि त्याने रथ वळवून घेतला. चिनी भाषेत मॅन्टिसने रथ अडवणं ही म्हण आज वेडं धाडस दाखवायला वापरतात. म्हणीत सारथ्याचं मत राहिलं, राजाचं गेलं. पण त्याच मातीत पुढे कुणीतरी त्या किड्यासमोर काडी धरून बसला. राजाचा वळवलेला रथ कुठेतरी लोकांच्या लक्षात राहिला असावा, असं मला आपलं वाटतं.

माकडाची गोष्ट तर थेट तुरुंगातली. छिंग राजवटीच्या शेवटच्या काळात खौ स नावाचा मल्ल कैदेत पडला. खिडकीतून माकडं दिसत, आणि बघण्याखेरीज त्याला दुसरं काही करता येत नव्हतं. त्याने माकडांचे पाच स्वभाव वेगळे केले: उंच, लाकडी, दगडी, हरवलेलं आणि दारू प्यालेलं. हरवलेलं माकड गोंधळल्यासारखं, घाबरल्यासारखं दाखवतं आणि त्यातूनच झडप घालतं. हे वाचताना मला आपल्या मल्लखांबाची आठवण झाली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात निजामाच्या पदरचे अली आणि गुलाब हे पैलवान पुण्यात आव्हान देऊन बसले, तेव्हा बाळंभटदादा देवधर वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले आणि तिथे मारुतीने लाकडी खांबावर खेळून त्यांना दृष्टांत दिला, ही कथा आपल्याकडे मल्लखांबाच्या मैदानावर मुलं ऐकत मोठी होतात. तिथेही आधी अडलेला माणूस, मग झाडाखांबावर वानर. दोन देशांनी एकमेकांना न विचारता माकडाला गुरू केलं.

या गोष्टी घडल्या का? थांग हाव नावाचे चिनी इतिहासकार होते. त्यांनी 1930 च्या सुमारास जुने ग्रंथ तपासून शाओलिनचा मठ आणि वुडांगचा डोंगर या युद्धकलेच्या दोन मानल्या गेलेल्या उगमांच्या दंतकथा एकेक करून सोलून काढल्या. बोधिधर्माने शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली याला आधार नाही, साप आणि पक्ष्याची झुंज पाहून ताईची ही संथ हालचालींची कला रचणाऱ्या चांग सान-फंगलाही नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. फांग छी-न्यांग किंवा वांग लांग यांचाही त्या काळातला लेखी पुरावा हाताशी नाही. खात्रीचं लेखी काही हवं असेल तर सोळाव्या शतकात जावं लागतं. जपानी चाचांशी लढणारा मिंग सेनापती छी ची-ग्वांग याने सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथात हातघाईच्या बत्तीस पवित्र्यांची चित्रं आहेत. त्यात एका पायावर उभा सोनेरी कोंबडा आहे, वाघावर स्वार होण्याचा पवित्रा आहे, हंसाचे पंख आहेत. आपल्या काळातले नामवंत मोजताना तो 'गरुडनख्या वांग'च्या पकडीचाही उल्लेख करतो. म्हणजे प्राण्यांची नावं तेव्हा तालमीच्या बोलीत रुळली होती. गोष्टी मागाहून रचल्या असतील.

पण गोष्ट मागाहून रचली म्हणून ती पोकळ होत नाही. शिष्याला 'तुझ्या गुरूच्या गुरूचा गुरू जिंकत आला' असं सांगता आलं असतं. त्याऐवजी पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं की तो हरला, तिची काठी चुकली, तो कोठडीत होता. आणि म्हणून त्यांनी पाहिलं. चालतं-फिरतं असेपर्यंत माणूस पाहत नाही. मी स्वतः अकरा वर्षं पाहिलं नव्हतं.

प्राण्यांकडे असं बघणं युद्धकलेपेक्षा कितीतरी जुनं आहे, आणि त्याचा उगम लढाईत नाही, दुखण्यात आहे. हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगत्वेई इथे इसवी सनापूर्वी 168 साली बंद केलेली एक कबर 1973 मध्ये उघडली गेली. तिच्यात रेशमावर रंगवलेलं एक चित्र मिळालं. त्यात व्यायाम करणाऱ्या 44 माणसांच्या आकृत्या आहेत, कुणी हात वर केलेले, कुणी कमरेत वाकलेले, आणि काहींच्या शेजारी अस्वल, माकड, पक्षी अशी नावं. त्यांच्यात म्हातारे आहेत आणि बायकाही आहेत. त्या बायकांकडे मी फोनच्या पडद्यावर बराच वेळ बघत होते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाचा तरी खांदा असाच आखडला असेल.

त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी ह्वा थ्वो नावाचा वैद्य झाला. गुंगीचं औषध देऊन शस्त्रक्रिया करणारा म्हणून तो चीनमध्ये घरोघरी माहीत आहे. त्याने पाच प्राण्यांचा खेळ बसवला: वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी. आपल्या वू फू नावाच्या शिष्याला त्याने सांगितलं, शरीराला श्रम हवेत, पण टोकाचे नकोत. हलत राहिलं की अन्न पचतं, रक्त वाहतं, रोग धरत नाही. उघडमीट होणाऱ्या दाराची खुंटी किडत नाही, तसं. बरं वाटेनासं झालं की उठावं, एका प्राण्याचा खेळ करावा, घाम आला की थांबावं. वू फूने ते ऐकलं आणि नव्वदी उलटल्यावरही त्याचे डोळे, कान, दात शाबूत होते, असं तिसऱ्या शतकातला इतिहास नोंदवतो.

ह्वा थ्वोचा स्वतःचा शेवट वाईट झाला. छाव छाव या सत्ताधीशाची डोकेदुखी तो बरी करत असे. घरी गेला आणि बायकोच्या आजारपणाचं कारण सांगून परत यायला टाळाटाळ केली, म्हणून त्याला कैद झाली. इसवी सन 208 च्या सुमारास त्याला मारलं. मरणाआधी त्याने एक ग्रंथ पहारेकऱ्याच्या हाती दिला, यात माणसं वाचवायची विद्या आहे म्हणाला. पहारेकरी कायद्याला घाबरला, घेईना. ह्वा थ्वोने आग्रह केला नाही. विस्तव मागितला आणि ग्रंथ जाळला.

मी हे आंटींना सांगितलं तेव्हा त्यांना ते आधीच ठाऊक होतं. "कागद जळला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या दंडावर चापट मारली, "हे कुठे जळतं?" खरं सांगायचं तर हेही पूर्ण टिकलं नाही. पाच प्राण्यांच्या हालचालींचं सविस्तर वर्णन आपल्यापर्यंत येतं ते थाव होंगचिंग (456–536) या ताओपंथी विद्वानाच्या नावावर असलेल्या लिखाणातून, म्हणजे मध्ये तीन शतकं गेली. त्यात हरीण चार पायांवर उभं राहून मान मागे वळवून बघतं. माकड तुळईला लोंबकळतं. पक्षी एका पायावर उभा राहून हात पंखांसारखे पसरतो. आज चीनमध्ये बागांतून जो पंच-प्राण्यांचा खेळ चालतो तो याच धाग्यावर नव्याने बसवलेला आहे. मधल्या हातांनी त्यात काय घातलं, काय गाळलं, कोण सांगणार.

जाता जाता एक. छन यिनख या थोर चिनी इतिहासकाराने 1930 मध्ये असा तर्क मांडला की ह्वा थ्वोच्या कथांत भारतातून आलेल्या वैद्यकथा मिसळल्या आहेत, आणि ते नाव संस्कृत 'अगद' शब्दावरून आलं असावं. अगद म्हणजे औषध. आपल्या आयुर्वेदाच्या आठ अंगांतल्या अगदतंत्रातला तोच. सगळ्यांना हा तर्क पटलेला नाही. मला तो पटावा असं वाटतं, हे मोकळेपणाने सांगते.

तर मी कालव्यावर जाऊ लागले. तिथे क्रौंच नव्हते, बगळे होते. कराडला नांगरामागे चालणारे बगळे मी शेकड्याने पाहिले होते. पाहिले होते म्हणजे, ते होते. आता एका बगळ्यासमोर अर्धा अर्धा तास बसायला लागले. काळ्या पायांचा, पिवळ्या पंजांचा छोटा बगळा. पाण्यात उभा राहून एक पंजा थरथरवतो, तळाचा गाळ ढवळतो आणि घाबरून निघालेला मासा टिपतो. बाकीचं अंग अगदी स्वस्थ. मान दुमडलेली, आणि तिच्यात साठलेला सगळा वेग. पंख उघडतो तेव्हा आधी छाती आणि पाठ हलते, पंख मागून येतो. अंग झटकतो तेव्हा झटका मधून सुटतो आणि टोकापर्यंत जातो.

तिसऱ्या आठवड्यात केव्हातरी मला आंटींचं पहिल्या दिवसाचं वाक्य कळलं. दक्षिणेकडच्या कलांत एक नियम आहे: खांदा बुडवा, कोपर खाली सोडा. मी दुखण्याला घाबरून हात वर न्यायच्या आधीच खांदा कानापर्यंत ओढत होते. पक्षी तसं करत नाही. पाठीतून हात सुटू दिला तेव्हा तो दोन बोटं जास्त वर गेला. दोनच बोटं. रात्री स्वयंपाकघरात उभी राहून मी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

खांदा शेवटी कशाने सुटला, हे मी सांगू शकणार नाही. फिजिओथेरपी चालू होती, दिवसही जात होते. पण क्रौंच म्हणजे नुसते पसरलेले हात नाहीत, हे मात्र अंगाला कळलं. फुजियानमधल्याच फूचौ भागात या कलेच्या उडणारा, ओरडणारा, खाणारा, झोपणारा क्रौंच अशा निरनिराळ्या शाखा झाल्या. अंग झटकून ताकद सोडणारी एक वेगळीच. म्हणजे कुणीतरी क्रौंच झोपलेला असतानाही बघत बसलं होतं. सगळ्यांच्या मुळाशी 'तीन लढाया' नावाचा एक क्रम आहे, अरुंद पवित्र्यात श्वासावर चालणारा. हाच क्रम ओकिनावा बेटावर गेला आणि सानचिन झाला. हिगाओन्ना कानर्यो एकोणिसाव्या शतकात ओकिनावाहून फूचौला शिकायला गेले होते, आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन (1888–1953) यांनी पुढे गोजू-र्यू कराटे घडवलं. आपल्याकडे शाळेच्या सभागृहात पांढऱ्या पोशाखात सानचिन करणारी गोजू-र्यूची मुलं त्या फुजियानी गुरूंची दूरची शिष्यं आहेत. त्यांना कुणी ते सांगत नसेल. सांगायला हवं.

वाघाबद्दल लिहायचं मी इतका वेळ लांबवलं. दक्षिणेकडच्या पाच प्राण्यांच्या मांडणीत ड्रॅगन मनासाठी, साप प्राणशक्तीसाठी, बिबट्या बळासाठी, क्रौंच सत्त्वासाठी आणि वाघ हाडांसाठी. ग्वांगडोंगमधल्या फोशानचे वैद्य आणि मल्ल वाँग फेई-हुंग (1847–1925) यांची वाघ-क्रौंच जोडी आजही हुंग-गार या दक्षिणी युद्धकलेच्या परंपरेचा कणा आहे. वाघाची पाची बोटं उघडी, वाकलेली. ओरबाडत नाहीत, दाबून खाली खेचतात. वाँग फेई-हुंग यांच्या काळी दक्षिण चीनच्या डोंगरांत वाघ खरोखर होते. आंटींच्या आजीने योंगछुनच्या डोंगरात त्याची डरकाळी ऐकली होती आणि त्या रात्री घरातलं कुणी झोपलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यात वाघांना उपद्रवी ठरवून मारलं. दक्षिण चीनचा तो वाघ आज फक्त पिंजऱ्यात आणि बंदिस्त प्रजनन केंद्रांत उरला आहे. जंगलात त्याची खात्रीशीर खूण मिळून कित्येक दशकं झाली. हातांनी वाघ शिकवला जातोच आहे, हाँगकाँगमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये, इथे सिंगापूरमध्ये. पण एखाद्या शिष्याला शंका आली, की पंजा खरंच असा वळतो का, तर गुरूने त्याला कुठे पाठवायचं? बघून ये म्हणायला जागा राहिली नाही. क्रौंचाचंही तसंच होत आलंय. चिनी भाषेत पांढरा क्रौंच हे नाव आज ज्या पक्ष्याला आहे, तो सैबेरियातून येतो आणि जवळजवळ सगळा थवा एका फोयांग सरोवराच्या आसऱ्याने हिवाळा काढतो. त्याचे थोडे भाऊबंद आपल्या भरतपूरलाही येत. 2002 नंतर आले नाहीत.

हे आंटींना सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता त्या खाली उतरत नाहीत. गुडघे गेले. मी सकाळी कालव्यावरून परत येताना चौथ्या मजल्यावर त्यांच्या दाराशी थांबते. त्या जाळीच्या दरवाजाआड खुर्ची टाकून बसलेल्या असतात. आज काय केलं त्याने, विचारतात. परवा मी म्हटलं, काही नाही, नुसता एका पायावर उभा होता.

"कुठल्या?"

मला आठवेना. डावा म्हणावं तर खात्री नव्हती. आंटी काही बोलल्या नाहीत, हाताने फक्त खालच्या दिशेला खूण केली. मी चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि जिना उतरू लागले.